नॉर्फोकमधील एक मनोरा आणि त्याचे राखणदार

इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉर्फोक आणि सफोक या दोन परगण्यांची सीमा होऊन वाहणाऱ्या वेव्हनी नदीच्या उत्तरेस, डिस या बाजारपेठेच्या गावापासून थोड्याच अंतरावर थॉर्प ॲबट्स नावाचे एक लहानसे खेडे आहे. सभोवार गव्हाची, बार्लीची आणि शुगरबीटची शेते, मधूनमधून ओकच्या जुनाट वृक्षांच्या रांगा आणि भूमी सपाट असल्यामुळे क्षितिजापर्यंत उतरलेले विस्तीर्ण आकाश, एवढ्यात या मुलखाचे वर्णन एरवी संपले असते. परंतु या शेतांच्या मधोमध, माथ्यावर काचेची खोली असलेला एक चौकोनी, दुमजली मनोरा उभा आहे, आणि त्याच्या भोवती अर्धगोल छपरांच्या काही पत्र्याच्या खोल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेच्या ताब्यात असलेल्या विमानतळाचा हा उड्डाणनियंत्रण मनोरा होय. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग उणापुरा अडीच वर्षांचा. तो रक्ताने लिहिला गेला आणि पुढे ग्रंथांतून व चित्रपटांतून जगाला ठाऊक झाला. दुसरा भाग अर्धशतकाजवळ पोहोचलेला आहे. तो आसपासच्या गावांतील साध्या माणसांनी सुटीच्या दिवशी, पदरचा वेळ खर्च करून घडविला, आणि त्याची दखल घ्यावी तितकी कोणी घेतलेली नाही.

युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सरकारने संरक्षणविषयक विशेष कायद्यान्वये जमिनी ताब्यात घेण्याचे विलक्षण अधिकार स्वतःकडे घेतले होते, आणि पूर्वेकडील हा सपाट प्रदेश जर्मनीला सर्वांत जवळचा असल्यामुळे त्या अधिकारांचा वरवंटा येथील शेतीवरून सर्वाधिक फिरला. पिढ्यान्‌पिढ्यांची कुंपणे उपटली गेली, गावांना जोडणाऱ्या पायवाटा व गाडीवाटा तुटल्या, झाडे पडली, आणि जेथे नांगर फिरत होते तेथे हजारो मजूर व अवजड यंत्रे येऊन दाखल झाली. १९४२ साली हे काम इतक्या वेगाने चालले होते की, सरासरीने दर तीन दिवसांस एक नवा विमानतळ सिद्ध होत असे. अवजड बाँबफेकी विमानांसाठी ठरविलेला नमुना सर्वत्र सारखाच होता: सुमारे सहा हजार फुटांची एक मुख्य धावपट्टी, तिला छेदणाऱ्या दोन आखूड धावपट्ट्या, या तिन्हींना वेढणारा काँक्रीटचा परिघमार्ग, आणि त्या मार्गाच्या कडेने विमाने उभी करण्याचे पन्नासेक विखुरलेले ओटे. पूर्व इंग्लंडमधील अनेक विमानतळांच्या पायात भराव म्हणून जो विटांचा चुरा घातला गेला तो बाँबवर्षावात जमीनदोस्त झालेल्या लंडनच्या घरांचा होता आणि आगगाड्या भरभरून तो तेथे आणण्यात आला होता. उद्ध्वस्त झालेल्या संसारांच्या भिंतींवरून शत्रूची शहरे उद्ध्वस्त करण्यास निघालेली विमाने धावत होती, हे ध्यानात आले म्हणजे त्या काँक्रीटकडे केवळ काँक्रीट म्हणून पाहणे कठीण होते.

जून १९४३ मध्ये अमेरिकेचा शंभरावा बाँबफेकी गट थॉर्प ॲबट्समध्ये तैनात झाला. बोईंग कंपनीची बी-१७ ही चार इंजिनांची विमाने, ज्यांना त्यांच्या निर्मात्यांच्या देशात ‘उडता किल्ला’ म्हणत, आणि त्यांना उडविणारी, त्यांची निगा राखणारी, त्यांच्यासाठी स्वयंपाक करणारी, त्यांच्या हवामानाचे अंदाज बांधणारी अशी सुमारे तीन हजार माणसे या शेतांत येऊन राहिली. शेकडोंच्या वस्तीच्या खेड्याशेजारी एकाएकी एवढे मोठे परके नगर उभे राहिले. ही माणसे पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांत, कोळशाच्या शेगडीभोवती थंडीने कुडकुडत राहत. गावातल्या गुत्त्यात इंग्रजांची कोमट बिअर पीत. आणि शिधापत्रिकेवर मोजून साखर मिळत असलेल्या त्या काळात गावातल्या मुलांना चॉकलेट आणि च्युइंग गम वाटीत. विमानांची निगा राखणाऱ्या कामगारांभोवती ही मुले घोटाळत, त्यांचे कपडे धुण्यासाठी आपल्या आयांकडे नेत, आणि कोणत्या विमानाचे नाव काय व ते कोठे उभे असते याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. पुढील कथाभागात या मुलांचे काम पडणार आहे.

या गटाने २५ जून १९४३ ते २० एप्रिल १९४५ या बावीस महिन्यांत ३०६ मोहिमा केल्या. पंचवीस हजार फुटांच्या उंचीवर, शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत, प्राणवायूच्या नळ्या तोंडाला लावून, संरक्षक लढाऊ विमाने मध्येच परत फिरल्यावर एकट्याने जर्मनीच्या अंतर्भागात शिरायचे आणि तेही दिवसाढवळ्या, असे हे युद्धतंत्र होते. १७ ऑगस्ट १९४३ रोजी रेगेन्सबुर्ग येथील मेसरश्मिट विमानांच्या कारखान्यावर हल्ला करून आल्प्स ओलांडून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर उतरण्याच्या मोहिमेत गटाची नऊ विमाने पडली. ऑक्टोबरच्या ८ तारखेला ब्रेमेनवर सात गेली. आणि १० तारखेला म्युन्स्टरवर गेलेल्या तेरांपैकी बारा विमाने परतली नाहीत. परतले ते एकच, दोन इंजिने बंद पडलेल्या अवस्थेत. ब्रुकलिनचा तरुण वकील रॉबर्ट रोझेन्थाल ते चालवीत होता आणि त्याची ही केवळ तिसरी मोहीम होती. त्याने पुढे बावन्न मोहिमा पुऱ्या केल्या आणि युद्ध संपल्यावर न्युरेंबर्ग येथील खटल्यांच्या कामातही भाग घेतला. ६ मार्च १९४४ रोजी बर्लिनवर याच गटाची पंधरा विमाने नष्ट झाली. इतर काही गटांची एकूण हानी याहून कमी नव्हती. परंतु ती महिन्यामहिन्यांत वाटली गेली होती, आणि शंभराव्या गटावर ती एकेका दिवशी कडा कोसळावा तशी कोसळली. त्यावरूनच ‘रक्तलांछित शंभरावा’ हे नाव त्याला चिकटले.

मनोऱ्याच्या सज्जात उभे राहून अधिकारी परतणारी विमाने मोजीत, आणि शेताच्या बांधावर उभे राहून खेड्यातील माणसेही मोजीत. सकाळी किती गेली हे सर्वांनी ऐकलेले असे. गावकऱ्यांना शत्रूच्या शहरांची नावे ठाऊक नसत, युद्धाची व्यूहरचना त्यांच्यापासून गुप्त राखलेली असे, पण आज भोजनगृहात किती खुर्च्या रिकाम्या राहणार याचा हिशेब त्यांना करता येई. मला वाटते, या मोजणीतच पुढल्या साऱ्या जतनकार्याचे मूळ आहे. जो माणूस रोज परतणाऱ्यांची संख्या मोजतो, त्याला न परतलेल्यांची नावे विचारल्यावाचून चैन पडत नाही. मात्र ती नावे विचारण्याची सवड त्याला पुढे तीस वर्षे मिळाली नाही.

येथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १० ऑक्टोबर १९४३ हा रविवार होता, आणि त्या दिवशी म्युन्स्टरमध्ये नेम धरावयाचा होता तो कारखान्यावर नव्हे, तर शहराच्या प्राचीन मध्यभागावर, जेथे रेल्वेचे कामगार आपल्या कुटुंबांसह राहत होते. शेकडो नागरिक त्या दुपारी मेले. बारा विमानांतील तरुणांच्या मृत्यूची कथा सांगताना ज्या शहरावर ती विमाने गेली होती त्याची कथा वगळली, तर जे उरते त्याला गौरवगाथा म्हणता येईल, इतिहास म्हणता येणार नाही. नाझी सत्तेचा पराभव झालाच पाहिजे होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु न्याय्य युद्धातही जे घडले ते घडलेच, आणि स्मारक राखणाऱ्याने दोन्ही खाती मांडली पाहिजेत. त्याच जमाखर्चात एक जमेची बाजूही आहे: मे १९४५ च्या आरंभी, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या आणि उपासमारीने मरणपंथाला लागलेल्या हॉलंडच्या पश्चिम भागात, शत्रूशी झालेल्या तात्पुरत्या समझोत्यानुसार, थॉर्प ॲबट्सच्या विमानांनी अत्यंत कमी उंचीवरून अन्नाची पोती टाकली. बाँब ठेवण्याच्या त्याच कप्प्यांतून ते अन्न खाली गेले.

१९४५ च्या डिसेंबरात अमेरिकन गट निघून गेला. त्यानंतर जे झाले ते युद्धकाळात बांधलेल्या बहुतेक विमानतळांच्या नशिबी आले. सरकारला त्यांची गरज उरली नव्हती आणि सरकारी स्मरणशक्तीत त्यांना जागाही उरली नव्हती. १९५६ मध्ये थॉर्प ॲबट्सचा विमानतळ कायमचा बंद झाला. जमीन पुन्हा शेतीकडे गेली. धावपट्ट्या फोडून त्यांची खडी रस्त्यांच्या कामी लावण्यात आली. मनोऱ्याची दारे-खिडक्या मोडल्या, छतातून पाणी उतरू लागले, भिंतींवर काटेरी वेली चढल्या. योगायोग असा की, त्याच १९५६ साली केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथे, विद्यापीठाने दिलेल्या भूमीवर, अमेरिकन सैनिकांच्या भव्य स्मशानभूमीचे समर्पण झाले. तेथे ३,८०० हून अधिक थडगी हिरवळीवर वर्तुळाकार रांगांत आहेत आणि ज्यांचे देह सापडले नाहीत अशा पाच हजारांहून अधिक लोकांची नावे एका लांबच लांब भिंतीवर कोरलेली आहेत. ते स्मारक उदात्त आहे. परंतु तेथे मृत्यू आहे, आणि त्या माणसांचे जगणे जेथे घडले तेथे मात्र वेली माजल्या होत्या.

या विस्मृतीविरुद्ध प्रथम उभे राहिलेल्यांत एकाचे नाव आदराने घेतले पाहिजे. रॉजर फ्रीमन हा एसेक्समधील शेतकऱ्याचा मुलगा. युद्धकाळात तो शाळकरी वयाचा होता आणि घराजवळच्या विमानतळावरील विमानांच्या नोंदी तो जिवापाड जपून ठेवी. तो पुढे शेतीच करीत राहिला. विद्यापीठाची पदवी नाही, लष्करी हुद्दा नाही, सरकारी दप्तराचा आश्रय नाही. परंतु वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून, छायाचित्रे मिळवून, एकेका विमानाचा क्रमांक व त्याचे प्राक्तन पडताळून त्याने १९७० मध्ये आठव्या वायुसेनेचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्या नावातील ‘बलाढ्य आठवी’ हे विशेषण पुढे त्या सेनेचेच बिरुद होऊन बसले. एका शेतकऱ्याच्या वहीतून एका सेनेला तिचे लोकमान्य नाव मिळावे, ही घटना इतिहासशास्त्राच्या अध्यापकांनी विचारात घेण्यासारखी आहे. फ्रीमनने दाखवून दिले की, बांधावरून विमाने पाहणारा मुलगा हा केवळ बघ्या नव्हता. तो साक्षीदार होता.

१९७७ साली थॉर्प ॲबट्सच्या परिसरातील काही उत्साही मंडळींनी हा मनोरा वाचविण्याचे मनावर घेतले. जमीनमालकाकडून त्यांनी भाडेपट्टा मिळविला आणि कामास आरंभ केला. या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण ‘जतन’ या शब्दाने डोळ्यांपुढे काचेची कपाटे येतात, आणि येथे आरंभी कपाटे ठेवण्याजोगी कोरडी जमीनसुद्धा नव्हती. प्रथम झाडोरा तोडणे, मग राडारोडा बाहेर काढणे, छताची दुरुस्ती, गिलावा, लोखंडी कठडे, दारे, खिडक्या. आणि हे सर्व नोकरीधंदा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, देणगीतून मिळालेल्या किंवा कोणाच्या तरी गोठ्यात पडून असलेल्या सामानातून. युद्धकाळच्या घाईत बांधलेल्या या इमारती काही वर्षे टिकाव्यात एवढ्याच हेतूने उभारलेल्या होत्या. पातळ भिंती, हलके काँक्रीट, पत्र्याची छपरे. राजवाड्याची डागडुजी करणाऱ्याला बांधणाऱ्याच्या कौशल्याचे साह्य असते. या मंडळींना बांधणाऱ्याच्या घाईशीच झगडावे लागले. २५ मे १९८१ रोजी मनोरा संग्रहालय म्हणून खुला झाला, तेव्हा ज्यांनी या सज्जातून विमाने उडताना पाहिली होती असे अमेरिकेतील वृद्ध सैनिक समारंभास आले होते.

त्यानंतर पत्र्याच्या जुन्या पद्धतीच्या खोल्या उभ्या राहिल्या, इंजिनाचे भाग, गणवेष, पत्रे, छायाचित्रे येत गेली. परंतु माझ्या मते या स्वयंसेवकांची खरी कमाई वस्तू नव्हे. सैनिक परत येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका, पुढे मुले, मग नातवंडे. सैनिकाला जे स्मरत नसे ते गावकऱ्याला स्मरत असे. सैनिकाला आपली मोहीम आठवे, आपला मृत सोबती आठवे. पण आपले विमान कोणत्या शेताच्या कोपऱ्यात उभे असे, कपडे धुणारी बाई कोणत्या घरात राहत असे, हे सांगणारा माणूस गावातच होता, कारण तो त्या वेळी दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. अमेरिकेत या गटाच्या नावाने असलेली संस्था विमानपथकांच्या याद्या आणि मोहिमांच्या नोंदी राखते. त्या कागदांना भूमीवरचे ठिकाण देण्याचे काम नॉर्फोकच्या या शेजाऱ्यांनी केले. शासनाजवळ आकडे होते, कुटुंबाजवळ नाव होते, शेजाऱ्याजवळ जागा होती. या तिन्हींची गाठ पडली तेव्हाच एका मृत माणसाचे चरित्र पुरे होऊ शकले.

लिखित साधनांवर भिस्त ठेवणे किती धोक्याचे असते याचा दाखला याच परगण्यात आहे. आठव्या वायुसेनेच्या दुसऱ्या विभागातील सैनिकांनी युद्ध संपतासंपता आपसांत पैसे जमवून नॉर्विच शहराला एक स्मारक-ग्रंथालय देण्याचे ठरविले, आणि ते १९६३ मध्ये शहराच्या मुख्य ग्रंथालयात सुरू झाले. दगडी पुतळा न मागता ग्रंथालय मागणाऱ्या त्या तरुणांच्या विवेकाला मी मनोमन वंदन करतो. परंतु १ ऑगस्ट १९९४ रोजी ते ग्रंथालय आगीत भस्मसात झाले. शहराने आणि सैनिकांनी मिळून ते पुन्हा उभे केले आणि २००१ मध्ये नव्या इमारतीत ते परत सुरू झाले. पण त्या दिवसाने एक गोष्ट सिद्ध केली की, एका ठिकाणी साठविलेले स्मरण एका दिवसात नाहीसे होऊ शकते. पूर्व इंग्लंडच्या निरनिराळ्या खेड्यांतून आज जे छोटे मनोरे, छोट्या खोल्या आणि छोटी संग्रहालये स्वयंसेवकांच्या बळावर तग धरून आहेत, त्यांच्या विखुरलेपणाकडे दौर्बल्य म्हणून पाहू नये.

२०२४ मध्ये शंभराव्या गटाच्या कथेवर आधारलेली एक मोठी दूरचित्रवाणी मालिका जगभर दाखविली गेली. तिचे चित्रीकरण थॉर्प ॲबट्समध्ये झाले नाही. विमानतळाचा देखावा अन्यत्र उभारावा लागला, कारण मूळ जागी वापरण्याजोगी धावपट्टी उरलेली नाही. तरीही मालिका पाहिलेली माणसे खऱ्या जागेचा शोध घेत या मनोऱ्याकडे येऊ लागली. पडद्यावर त्यांनी जे नायक पाहिले, त्यांच्या शेजारी येथे त्यांना स्वयंपाकी, यंत्रकारागीर, हवामानतज्ज्ञ आणि धुणे धुणाऱ्या गावकरी स्त्रिया भेटतात. स्वयंसेवकांनी जर चाळीस वर्षे आधी वेली तोडल्या नसत्या, तर या लोकांना पाहण्यासाठी शेतातील नांगराच्या तासांखेरीज काही राहिले नसते.

हे लिहिताना माझे मन राहून राहून कल्याणजवळच्या नेवाळीकडे जाते. मलंगगडाच्या वाटेवरील त्या परिसरात, थॉर्प ॲबट्सची शेते ज्या काळात गेली त्याच काळात, इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपल्यावर जमीन आपल्याला परत मिळायची होती, असे तेथील शेतकऱ्यांचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. जमीन मात्र स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याकडेच राहिली, आणि जून २०१७ मध्ये नौदलाने तेथे कुंपणाची भिंत घालण्यास प्रारंभ केला तेव्हा असंतोषाचा भडका उडून लोक रस्त्यावर उतरले. नॉर्फोकच्या शेतकऱ्याच्या शेतावर पुन्हा गहू उभा राहिला, म्हणूनच तो उदार मनाने एक मनोरा स्मरणासाठी देऊ शकला. ज्याचा वाद मिटलेला नाही त्याच्याकडून स्मारकाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल. हा फरक मी विसरलेलो नाही. तथापि मालकीचा निकाल न्यायालये व सरकार जेव्हा लावायचा तेव्हा लावोत, त्यासाठी साक्ष नोंदविण्याचे काम थांबण्याचे कारण नाही. युद्धकाळात त्या गावांत बालपण गेलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. जमीन मोजायला कोण आले, पीक उभे असताना आले की काढणीनंतर, नुकसानभरपाई रोख मिळाली की कागदावर, धावपट्टीच्या कामावर मजूर कोठून आणले, विहिरी कोणत्या बुजल्या, गुरांची वाट कोणत्या बाजूने वळविली आणि पहिले विमान उतरले तेव्हा गाव कोठे उभे होते, हे सर्व त्यांच्या आठवणीत असताना वहीत उतरले पाहिजे, आणि ते उतरवून घेणारा माणूस मुंबईहून किंवा दिल्लीहून येण्याची वाट न पाहता शेजारच्याच गावातून आला पाहिजे.